सिनिकचा 'फोकस' आणि मायेचा पडदा

तर मंडळी, 'फोकस'वर एकदा गाण्यागणिक लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. या वीकेंडला गावी वरवंडला आलोय, प्रॉडक्शन सपोर्टचा फोन दुसऱ्याच्या गळ्यात आहे, तेव्हा आज मुहूर्त.

ज्यांना मेटल म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९९० च्या आसपास फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या मोरिसाउंड स्टुडिओतून डेथ मेटलचे अल्बम धडाधड निघत होते. निर्माता बहुतेक वेळा स्कॉट बर्न्स, आणि विषय ठरलेले. मढी, रक्त, नरक. सिनिक त्याच फ्लोरिडाचे. गिटारवाला पॉल मासव्हिडाल आणि ड्रमर शॉन रायनर्ट यांनी १९९१ मध्ये 'डेथ' या बँडच्या 'ह्यूमन' अल्बमवर वाजवलेलं होतं. जोडीला दुसरा गिटारवाला जेसन गोबेल, आणि बास व चॅपमन स्टिक वाजवणारा शॉन मलोन. ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात यांचं रेकॉर्डिंग लांबलं. शेवटी सप्टेंबर १९९३ मध्ये आठ गाण्यांचा, जेमतेम छत्तीस मिनिटांचा 'फोकस' आला. त्यात जाझ होतं, ध्यानधारणा होती आणि यंत्रातून काढलेला व्होकोडरचा आवाज होता. १९९४ मध्ये कॅनिबल कॉर्प्सबरोबर दौऱ्यावर गेले तेव्हा त्या पब्लिकला हे झेपलं नाही, आणि त्याच वर्षी बँड फुटला. (पुढे २००८ मध्ये 'ट्रेस्ड इन एअर' घेऊन परत आले, तो वेगळा विषय.)

आता आपल्याकडच्या मेटलवाल्यांचं काय होतं बघा. पहिल्या गाण्याचं नाव 'व्हेल ऑफ माया'. झालं! "बघ, गोऱ्यांनी आपलं तत्त्वज्ञान उचललं" म्हणत छाती फुगवायची आणि मग अल्बम ऐकायचाच नाही. मला हा अभिमान पटत नाही. ज्या गावात दर आषाढीला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो, तिथल्या माणसाने तरी माया हा शब्द ऐकून हुरळून जायचं कारण नाही. उलट जास्त कडक परीक्षा आपण घ्यायला हवी. शब्द घेतला हे कळलं, पण तो संगीतात उतरला का?

तर 'व्हेल ऑफ माया'. वाजवलंय अफाट. रायनर्ट मधल्या रिकाम्या जागांत असं काही हलकं हलकं पेरतो की तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना ते सापडतं. पण विचार म्हणून गाणं कच्चं आहे. जग म्हणजे पडदा, तो फाडला की पलीकडे सत्य, असा सगळा आव. आणि आवाजांची मांडणीही तशीच सरळसोट. टोनी टीगार्डनचा गुरगुराट एका बाजूला, मासव्हिडालचा व्होकोडर दुसऱ्या बाजूला. एक खालचा, एक वरचा. दोघे आलटून पालटून येतात, भेटत नाहीत. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानाचं खंडन करायला अख्खं सातवं प्रकरण खर्ची घातलंय. अज्ञान म्हणून काही वेगळी वस्तूच नाही, जे दिसतं तो चैतन्याचाच विलास, असा सूर. त्यापुढे फाडायचा पडदा जरा बाळबोध वाटतो. लोक याला अल्बमचं सर्वोत्तम गाणं म्हणतात. म्हणोत बापडे.

'सेलेस्टियल व्हॉयेज' त्याहून बरं. मधे सगळं थांबून बास मोकळा होतो तो तुकडा मी निदान शंभरदा ऐकलाय. व्होकोडर मात्र इथे अति झालाय. आमच्या अण्णांनी एकदा ऐकून विचारलं होतं, "रेंज जातीय का रे?" :)

'द ईगल नेचर'बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १९९१ च्या डेमोतलं गाणं आहे आणि तसंच वाटतं. चांगलं दणदणीत, संपलं की विसरायला होतं.

'सेंटिमेंट' पहिल्यांदा ऐकताना मी पुढे ढकललं होतं, आता त्यावरच अडतो. हे जवळपास मेटल नाहीच. तालवाद्यं, बाईचा हलका बोलका आवाज, आणि व्होकोडर इथे पहिल्यांदा चमत्कार म्हणून न येता बोलल्यासारखा येतो. २०१४ मध्ये मासव्हिडाल आणि रायनर्ट या दोघांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं. १९९३ मधला डेथ मेटलचा जमाव डोळ्यासमोर आणा, म्हणजे ते तेव्हा बोलणं काय होतं हे कळेल. त्यांनी असं कुठे म्हटलंय असा माझा दावा नाही, पण ते कळल्यापासून यंत्राआड लपलेला तो गाणारा आवाज मला गंमत वाटत नाही. 'पडदा' या शब्दालाही त्यामुळे एक वजन येतं, जे मायेच्या चर्चेने येत नव्हतं.

आणि मग 'आय'म बट अ वेव्ह टू...'. नाव अर्धवटच आहे, पुढचे तीन टिंब त्यांचेच. माझ्या मते अल्बमचा कळस हा. लाट आणि पाणी हा दृष्टांत आपण कीर्तनात इतक्यांदा ऐकलेला असतो की तो कानावरून घसरून जातो. लाट वेगळी दिसते, पण ती पाण्यावाचून काही नाही, आणि म्हणून ती खोटीही नाही. इथे फाडण्यासारखं काही उरत नाही! संगीतही तेच करतं. जड रिफ येतं, विरतं, शांत गिटारी राहतात, त्यातूनच पुन्हा जडपणा उठतो. गुरगुराट आणि व्होकोडर इथे एकाच पाण्यातले वाटतात. आमच्या व्हिक्टोरिया तलावाच्या कडेने हे ऐकत चालून बघा. शेवटचा संथ भाग लांबलाय अशी तक्रार असते. तलावाकाठी ती आपोआप मिटते.

याच मुद्द्यावर एक अवांतर. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' काढला, दहा अवतार, दहा गाणी. धाडसाचं काम, मला आवडतो. पण त्यात नववं गाणं बुद्धावर आहे. महाराष्ट्रात कितीतरी जुन्या दशावताराच्या चित्रांत नवव्या जागी विठोबा उभा असतो! आणि बुद्ध विष्णूचा अवतार हे मी मानणार नाही, अशी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपुरात दिली ती वेगळीच. एवढा वाद ज्या जागेवर आहे तिथे ग्रंथातली यादी जशीच्या तशी घेणं मला कमी वाटलं. शब्द आपला असला म्हणजे काम झालं असं नाही, हे घरच्यांनाही लागू. असो.

'युरोबोरिक फॉर्म्स' हेही त्या १९९१ च्या डेमोतलंच. स्वतःची शेपटी गिळणारा साप. इथे जुने सिनिक दिसतात, वेग आणि राग. लाटेनंतर लगेच हे ठेवलंय ते मला चुकीचं वाटतं, झोपेतून कुणी गदागदा हलवावं तसं. मी प्लेलिस्टमध्ये ते तिसऱ्या गाण्याच्या आधी नेऊन ठेवलंय. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.

'टेक्स्चर्स'मध्ये शब्द नाहीत. मेटलचे कट्टर लोक इथे जांभया देतात, पण भजनी ठेक्यावर वाढलेल्या माणसाला इथेच खरा खुराक आहे. आपला ठेका आठ मात्रांचा, दिंडीतल्या पखवाजवाल्याची करामत आठाच्या आत काय काय भरता येतं यात असते. सम चुकली तर टाळकरी लगेच वळून बघतात. रायनर्टची करामत उलट, समेची जागाच तो हलवत राहतो आणि तरी आपण पडत नाही, कारण मलोनची स्टिक खालून धरून असते. मात्रा मोजायच्या नादाला दोन वेळा लागलो, मग सोडून दिलं. हाताने मांडीवर ताल धरला की जमतं.

शेवटचं 'हाऊ कुड आय' सोलोसाठी प्रसिद्ध आहे आणि सोलो आहेही तसाच, बोटांची कसरत न दाखवता गाणारा. पण तो उभा कशावर आहे ते ऐका. रायनर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला, मलोन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. दोघांचंही वय पन्नाशीच्या आतबाहेर. आता मी हे गाणं लावतो तेव्हा पहिल्या खेपेला फक्त ड्रम्स आणि बास. गिटारकडे दुसऱ्या खेपेला.