दात खरा, कोंदण खोटे

मोरोक्कोतील खुरिब्गा येथल्या फॉस्फेटच्या खाणींतून मोसासॉराचे अश्मीभूत दात निघतात व जगभर विकले जातात. मोसासॉर हे समुद्रातील सरपटणारे प्राणी. ते सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी नष्ट झाले. असा दात विकत आणणारा विचारतो, 'हा खरा आहे ना?' माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. दात तेथे विपुल सापडतात. म्हणून सुटा दात बहुधा खराच असतो. लबाडी असते ती कोंदणात. वाळू व सरस कालवून केलेल्या 'दगडा'त दात रोवतात. निरनिराळ्या प्राण्यांचे दात ओळीने बसवून त्याला जबडा म्हणतात. भिंगातून पाहावे. दाताच्या चकाकीवर बारीक भेगा असणे स्वाभाविक आहे. पण भोवती हवेचे बुडबुडे किंवा सरसाचे थर दिसले, तर सावध व्हावे. आडजागी तापलेली सुई टेकवताच प्लॅस्टिकसारखा वास आला, तर ती राळच.

दरबारी वादकाच्या घरात वाढल्याने जुन्या भोपळ्याला नवी दांडी जोडून 'राजवाड्यातला तंबोरा' म्हणून विकलेला मी पाहिला आहे. जोड देण्यात पाप नाही. ती लपवण्यात आहे. मुलांना प्राचीन सृष्टी दाखवायची तर बनावट जबड्यापेक्षा सुटा, तुटका, पण खरा दातच त्यांच्या हाती द्यावा.