किल्ली नको, नाव सांगा

परवा संध्याकाळी सात-सव्वासातला नळ स्टॉपच्या सिग्नलला एका मुलीची गाडी पुढच्या मोटारीला टेकली. मागच्या बंपरवर वीतभर चरा उमटला आणि कोपऱ्यातली एक क्लिप निसटली, एवढंच नुकसान. पुढच्या गाडीतले गृहस्थ उतरले, तिच्या उघड्या खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, ''आठ हजार जीपे कर, मगच किल्ली मिळेल.'' मुलगी वीस-बावीसची. फोनवर वडिलांचा नंबर लावताना तिची बोटं थरथरत होती. मागे गरवारे कॉलेजपर्यंत गाड्या तुंबल्या होत्या आणि त्यांत एक रुग्णवाहिकाही अडकली होती.

असली जागेवरची वसुली पुण्यात रोज कुठे ना कुठे चालते, आणि ती थांबलीच पाहिजे. दुसऱ्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यायचा अधिकार त्या गृहस्थांना कुणीही दिलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ याबाबत स्पष्ट आहे. ज्याचं नुकसान झालं त्याने मागितलं, तर चालकाने स्वतःचं आणि गाडीच्या मालकाचं नाव-पत्ता द्यायचा. मात्र मागणाऱ्यानेही आपलं नाव-पत्ता द्यायचा. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी. कुणाला इजा झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मिटवामिटवी नाही. आधी दवाखाना, मग पोलीस.

''विमा कशाला आहे मग?'' असं गर्दीतलं कुणीतरी हमखास विचारतं. बंपरच्या चऱ्याला विमा फारसा उपयोगी पडत नाही, हेही नीट समजून घ्यायला हवं. आपल्याच विम्यातून दुरुस्ती करायची, तर साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसाऱ्यात जाते. वर लहान गाडीला हजार रुपये आपल्या खिशातले. शिवाय पाच वर्षं क्लेम न करता साठवलेली ५० टक्क्यांची नो क्लेम बोनसची सवलत पुढच्या हप्त्याला बुडते. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळू शकते, पण ती वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते. तीन-चार हजारांच्या दुरुस्तीसाठी तिथे कोण खेटे घालणार? म्हणून लहान धडकेचा निकाल त्या दोन माणसांनाच लावावा लागतो, आणि तो रस्त्यात उभं राहून, बघ्यांच्या साक्षीने लागत नाही. गॅरेजवाल्याने गाडी पाहून आकडा सांगितल्याशिवाय आठ हजार हा आकडा येतो कुठून?

रस्त्यावरचा राग कुठवर जातो हे या शहराने पाहिलेलं आहे. २०२४ च्या जुलैत पाषाण-बाणेर लिंक रस्त्यावर एका मोटारचालकाने दुचाकीवरच्या तरुणीला नाकातून रक्त येईपर्यंत मारलं. तिच्यासोबत दोन लहान मुलं होती आणि वाद होता फक्त वाट देण्याचा.

नाव सांगायला माणसं कचरतात, हे मला कळतं. आडनावावरून कोण कुठला हे ताडलं जातं, पत्ता दिला तर कुणी दारात येऊन उभं राहील अशी भीती वाटते, आणि एकट्या बाईला अनोळखी माणसाच्या हाती आपला मोबाइल नंबर देणं तर फारच नकोसं होतं. नंबर देणं कायद्यात नाही, त्यामुळे तिने घरातल्या दुसऱ्या कुणाचा दिला तरी चालेल. दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेटचे, लागलेल्या जागेचे आणि गाड्या रस्त्यावर कशा उभ्या आहेत त्याचे फोटो, सोबत पॉलिसीचा क्रमांक. याला मिनिटभर पुरतं. मग गाड्या बाजूला.

भोसरीच्या ट्रॅकवर लायसन्ससाठी आपण आठचा आकडा काढतो, गाडी उलटी घेऊन दाखवतो, चढावर थांबवून दाखवतो. गाडीला गाडी लागल्यावर खाली उतरून पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मात्र तिथे कुणी करवून घेत नाही. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी एक दिवस तेवढ्यासाठी द्यावा, आणि दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर उभं करून सराव घ्यावा. आरटीओने तसा आग्रह धरावा.

नळ स्टॉपला त्या दिवशी मधे पडला तो एक रिक्षावाला. ''काका, किल्ली द्या पोरीची. फोटो काढा, नाव लिहून घ्या, मागं अँब्युलन्स आहे.'' गृहस्थांनी मागे वळून पाहिलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. तिने वहीचं पान फाडलं, त्यावर वडिलांचं नाव आणि पत्ता लिहिला आणि मग पेन त्यांच्यापुढे धरलं. ते क्षणभर थबकले. मग त्यांनीही लिहिलं.