बूट कोणी चमकवायचे?

फौजेतून निवृत्त झालेला एखादा सुभेदार किंवा हवालदार गप्पांना बसला आणि आजच्या जवानांचा विषय निघाला, की बोलणे हमखास पायांपाशी येते. ‘आमच्या वेळी बुटाच्या टोकात तोंड दिसायचे, आता कोण बघतो?’ हीच तक्रार अमेरिकेतील जुन्या सार्जंटांच्या तोंडीही असते. राष्ट्रीय छात्रसेनेत असल्यामुळे आम्हां छात्रांनाही तिचा प्रसाद अधूनमधून मिळतो. ही तक्रार कितपत खरी आहे आणि खरे दुखणे कोठे आहे, याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांच्यासाठी (आणि कला शाखेत असेच बहुसंख्य असावेत, आपल्याकडे चप्पल हेच राष्ट्रीय पादत्राण!) आधी थोडे सांगितले पाहिजे. परेडचा बूट नुसता ब्रश मारून चमकत नाही. ब्रशने धूळ निघते आणि रंग बसतो. आरशासारखी चकाकी येते ती मेणाने. जुन्या मऊ सुती कापडाचे टोक दोन बोटांवर ताणून गुंडाळायचे, पॉलिश अगदी नखभर घ्यायचे, पाण्याचा एक थेंब टाकायचा (जुने लोक सरळ थुंकत) आणि लहान लहान वर्तुळे काढीत फिरवत राहायचे. पहिल्या थराने बूट उलट मळकटच दिसू लागतो. नवखा येथेच घाबरतो, आणखी पॉलिश थापतो आणि सारे बिघडवून बसतो. थरावर थर बसून चामड्याची बारीक छिद्रे भरली, पृष्ठभाग सपाट झाला, की मगच उजेड त्यावरून नीट परततो. बूट जेथे वाकतो तेथे मेणाचा थर तडकतो, म्हणून तो टोकाला आणि टाचेला द्यायचा, मध्ये नाही. या गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत. बराकीत शेजारच्या खाटेवरचा शिकवतो तेव्हा येतात.

आता तक्रारीकडे वळू. तिचा निम्मा भाग अन्यायाचा आहे. सैनिकाने चमकावे की चमकू नये, हा वाद ‘खाकी’ या शब्दातच दडलेला आहे. खाक म्हणजे धूळ. १८४० च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडे उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे घातले, ते धुळीत दिसू नये म्हणून. पुढे लांब पल्ल्याच्या रायफली आल्या आणि लाल डगले व चकचकीत बटणे रणांगणावरून गेली. बुटांची पाळी फार उशिरा आली, एवढेच. अमेरिकन भूसेनेने २००५ पासून नवा लढाऊ गणवेश दिला, त्यासोबत मातकट रंगाचा, खरखरीत चामड्याचा बूट आला. त्याला पॉलिश लावायचेच नसते, नुसते झटकायचे असते. २००८ पर्यंत जुने काळे बूट त्या गणवेशातून हद्दपारही झाले. आपल्या भूसेनेने १५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनाच्या दिवशी, नवा लढाऊ गणवेश दाखवला. त्यात शर्ट पँटमध्ये खोचत नाहीत, बाहेर सोडतात आणि पट्टा त्याखाली झाकला जातो. ज्या पट्ट्याचे बक्कल दिसतच नाही, त्याला ब्रासो लावला नाही म्हणून जवानाला आळशी ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे.

पण समारंभाचा गणवेश अजून आहे, प्रजासत्ताक दिनाचे संचलन आहे, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील दीक्षांत संचलन आहे. तेथे चकाकी हवीच आणि तेथेच मला दोन गोष्टी खटकतात.

पहिली किरकोळ आहे. ओल्या फडक्याने पुसताच चमकणारे कृत्रिम चामड्याचे बूट आता मिळतात. ड्युपाँट कंपनीने १९६० च्या दशकात ‘कॉर्फम’ नावाचे असे चामडे काढले आणि १९७१ मध्ये तो धंदा गुंडाळला. तरी अमेरिकन सैनिक अशा बुटांना अजून त्याच नावाने ओळखतात. वेळ वाचतो, हे कबूल. मात्र असा बूट तपासून तपासणाऱ्याला कारखाना चांगला आहे एवढेच कळणार. मेणाने चमकवलेला बूट मात्र आदल्या रात्री माणूस काय करत होता ते सांगतो. शिवाय बूट हातात धरून तासभर बसले, म्हणजे उसवलेली शिवण आणि झिजलेली टाचही दिसते. पहिल्या महायुद्धात चिखलाच्या खंदकांत पाय कुजू लागले, तेव्हा ब्रिटिश सैन्यात रोज पायांची तपासणी करावी लागे. पायांकडे लक्ष देणे हा सैनिकाच्या दृष्टीने नटवेपणा कधीच नव्हता.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. काही बूट चमकतात, पण ते दुसऱ्याच्या हाताने. भूसेनेत अधिकाऱ्यांच्या दिमतीला ‘सहायक’ देण्याची प्रथा आहे. नौदलात आणि हवाई दलात ती नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने ही प्रथा बंद करावी, अशी शिफारस २००८ मध्येच केली होती. जानेवारी २०१७ मध्ये एका जवानाने चित्रफितीतून याच प्रथेविरुद्ध गाऱ्हाणे मांडले, तेव्हा देशभर चर्चा झाली. लढाईच्या धामधुमीत अधिकाऱ्याला निरोप्या, सोबती लागतो, हे सेनेचे म्हणणे मी मान्य करतो. परंतु शांततेच्या छावणीत, भरतीच्या वेळी बंदूक हाती घेण्याचे स्वप्न पाहिलेल्या तरुणाच्या हाती साहेबांच्या बुटाचा ब्रश देणे कशात बसते? गणवेशाचा दर्जा घसरला म्हणून हळहळणारे या बुटांविषयी बोलत नाहीत. माझ्या मते धुळीने माखलेला पण स्वतःचा बूट परवडला.

आणि हे फक्त फौजेतच चालते असे नाही. छात्रसेनेच्या शिबिरांत ‘सीनियर’ म्हणवणारे छात्र पहिल्या वर्षाच्या पोरांपुढे आपले बूट सरकवतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. वर पुन्हा त्याला शिस्त म्हणायचे! पॉलिश शिकवायला ज्येष्ठ हवेतच, बराकीतही शेजारचाच शिकवतो. पण तो आपला बूट स्वतःच्या मांडीवर घेऊन शिकवतो.

म्हणून माझी साधी सूचना आहे. यंदा २५ जानेवारीच्या संध्याकाळी जिमखान्याच्या ओट्यावर सीनियर अंडर ऑफिसरपासून नव्या छात्रापर्यंत सर्वांनी आपापले बूट घेऊन बसावे. मेजर-सरांनीही आपले आणले तर आनंदच आहे. पॉलिशच्या दोन डब्या सर्वांना पुरतील. जुने बनियन मात्र ज्याने त्याने घरून आणावे.