बापाचा रकाना कुठे आहे?

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात कोलाम समाज राहतो. देशातील ७५ अतिमागास आदिवासी गटांपैकी महाराष्ट्रात तीनच आहेत : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. समाज लहान, म्हणून त्याच्या एकेका घराची नोंद खरी हवी. पण सरकारी तक्त्याला कोणते घर दिसते?

पैनगंगेपलीकडे, यवतमाळच्या झरी जामणी भागातील कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. बाहेरून आलेल्या ठेकेदार-व्यापाऱ्यांनी लग्नाचे आमिष दाखवले, मूल पदरात टाकले आणि पाठ फिरवली. अलीकडे, किनवट-माहुरात, अशा माता किती? जनगणना ते सांगणार नाही. कसे सांगेल? २०११ च्या जनगणनेत वैवाहिक दर्जाचे पाच प्रकार होते : अविवाहित, विवाहित, विधवा, विभक्त, घटस्फोटित. 'मुले किती' हा प्रश्न अविवाहित बाईला विचारायचाच नव्हता. म्हणजे लेकरू कडेवर, आणि कागदावर आई नाही!

जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. ही बाई बापाच्या चुलीवर जेवते, म्हणून ती कुणाची तरी मुलगी एवढीच उरते. याची किंमत ती मोजते. २०२४ च्या 'लाडकी बहीण' योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशी यादी आहे. अविवाहित मात्र कुटुंबातून एकच. मग तिने धाकट्या बहिणीशी भांडायचे, की निराधार असल्याचा दाखला मागत तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या?

सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या आधारे जात टिकवली गेली, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवून दिले. बाईला नवऱ्यावरून ओळखणारी नजर तीच आहे. ती आज तक्त्यात शिरून बसली आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मुलांचा प्रश्न प्रत्येक प्रौढ बाईला विचारला पाहिजे. तोही चावडीवर नव्हे, तर तिच्या घरात, कोलामी जाणणाऱ्या महिला प्रगणकाने. स्वतःच्या लेकरासह राहणाऱ्या बाईला शिधापत्रिकेवर वेगळे कुटुंब मानले पाहिजे. नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी जिल्हाधिकारी कार्यालयांत नेऊन लावून धरावी.

आणि एक सवाल शिल्लक राहतोच. 'कुमारी माता' हा शब्द सरकारने, वर्तमानपत्रांनी, आपण सर्वांनी सहज उचलला. पळून गेलेल्या बापासाठी मात्र आपल्याकडे ना शब्द आहे, ना रकाना. लाज कुणाला वाटायला हवी?