पडदा लुकलुकतो, दोष कुणाचा?

महाड-पोलादपूरच्या लहान दुकानांतही आता गल्ल्याशेजारी संगणक आला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून बिल, मालाचा साठा आणि उधारी या तिन्ही गोष्टी त्यावर चढल्या. अशा वेळी एके दिवशी बिलाची खिडकी लुकलुकू लागते. आकडे दिसतात, नाहीसे होतात, पुन्हा दिसतात. गिऱ्हाईक उभे असते आणि रक्कम नीट वाचता येत नाही. मग दुकानदार म्हणतो, ‘मॉनिटर गेला, नवा आणा.’ रिपेअरिंगवाला म्हणतो, ‘फॉरमॅट मारू.’ दोघेही रोग ओळखण्याआधी औषध सांगून मोकळे होतात.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे की, पहिला रुपया सामानावर नव्हे, तपासणीवर खर्च करा. पुष्कळशी तपासणी तर दुकानदाराला स्वतःलाच, एक पैसाही न देता करता येते.

पहिली तपासणी मॉनिटरची. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली बटण असते. ते दाबले की उजेड कमीजास्त करण्याची यादी पडद्यावर येते. ही यादी संगणक पाठवत नाही, मॉनिटर स्वतः दाखवतो. मागचे चित्र थरथरते आणि ही यादी मात्र स्थिर राहते, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. दोष केबलमध्ये किंवा संगणकात शोधावा. यादीही थरथरत असेल तर मॉनिटर किंवा त्याचा वीजपुरवठा तपासावा. एवढ्या एका बटणाने नव्या मॉनिटरचा खर्च वाचू शकतो.

केबलचा विचार आपल्या भागात विशेष करावा लागतो. कोकणातला पावसाळा लोखंडालाही सोडत नाही, मग केबलच्या बारीक पिनांची काय कथा? संगणक बंद करून केबल दोन्ही टोकांना काढावी, पिना पाहाव्यात, पुन्हा घट्ट बसवावी आणि जुन्या पद्धतीची केबल असेल तर तिचे दोन्ही स्क्रू आवळावेत. शक्य झाल्यास शेजारच्या दुकानातली चालू केबल पाच मिनिटे लावून पाहावी. दुकानाचे अर्थिंग आणि यूपीएसही वायरमनकडून तपासून घ्यावे.

दुसरी तपासणी संगणकाची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. पडदा लुकलुकत असताना ती उघडून पाहावी. इतर सगळ्याबरोबर तीही लुकलुकत असेल तर दोष बहुधा डिस्प्ले ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि चित्र काढणारी चिप यांच्यामधला दुभाषी. बाकीचे लुकलुकते आणि टास्क मॅनेजर मात्र स्थिर राहते, तर दोष एखाद्या प्रोग्रॅमचा. ही खूण मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेली आहे. २०१५ साली विंडोज १० आले, तेव्हा असा दोष काही ठिकाणी अँटीव्हायरसमध्ये आणि आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये निघाला होता. म्हणजे लुकलुकणारी खिडकी एकाची, अपराध भलत्याचाच!

ड्रायव्हरचा संशय असेल तर चालू काम जतन करून विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबावीत. पडदा क्षणभर काळा होतो आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. विंडोजच्या नव्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधीचा ड्रायव्हर अनेकदा परत आणता येतो.

फक्त बिलाचाच प्रोग्रॅम लुकलुकत असेल तर? शाळेतला फळा आठवा. गुरुजी प्रत्येक आकडा बदलताना सगळा फळा पुसून पुन्हा लिहू लागले, तर मुलांना मधेमधे कोरा फळा दिसेल. काही प्रोग्रॅम नेमके हेच करतात. चांगला प्रोग्रॅम मागच्या बाजूला दुसऱ्या फळ्यावर आधी सगळे लिहितो आणि तयार फळा एकदम पुढे आणतो. त्यामुळे हा दोष दुरुस्त करणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम आहे. आपण नवी आवृत्ती घ्यावी. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन असेल तर ते बंद करून पाहावे. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून डिस्प्लेचे प्रमाण १२५ टक्के ठेवले असेल, तर ते १०० करून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

एवढ्याने भागले नाही तर ज्यांना वर्षाची मेंटेनन्स फी भरतो त्यांना फोन करावा. मोबाइलवर त्याचे चित्रण काढून पाठवावे. मात्र मोबाइलच्या चित्रणात चांगल्या पडद्यावरही पट्टे दिसू शकतात. म्हणून कोणत्या खिडकीत, कोणते बटण दाबल्यावर, कोणत्या तारखेपासून, हे सोबत लिहावे. पोलादपूरच्या दुकानदाराने यंत्र उचलून महाडला आणण्याआधी एवढे करावेच.

आता ‘फॉरमॅट मारू’ या सल्ल्याविषयी. मॉनिटर किंवा केबल सदोष असेल तर फॉरमॅट करून काहीच साधत नाही. उलट बॅकअप नसेल तर हिशेब जातो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आपल्याला सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत दिलेली आहे. लुकलुकत्या पडद्यापायी लोकांच्या देण्याघेण्याची नोंद पुसली जाणे ही साधी चूक नव्हे, ती अमानतीची हानी आहे. म्हणून कोणत्याही दुरुस्तीआधी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क घरी, उंचावर ठेवावी. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ चे पूर पाहिलेल्या महाडकरांना उंचावर का, हे सांगायला नको.

रिपेअरिंगच्या धंद्यात उतरलेल्या आपल्या तरुणांनाही दोन शब्द. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण सर्व जाणतो. पुरात भिजलेले यंत्र वाळवून ‘चांगले’ म्हणून विकणे आणि नुसती केबल ढिली असताना मॉनिटर बदलणे, दोन्ही त्याच ढिगातले ओले धान्य आहे.

पण सारा दोष कारागिराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्याने अर्धा तास तपासून ‘फक्त स्क्रू आवळला’ म्हटले की आपण विचारतो, ‘मग पैसे कसले?’ नवा मॉनिटर बसवला की निमूटपणे पैसे मोजतो. सामानालाच पैसे मिळणार असतील तर कारागीर सामानच विकणार. वैद्याने औषध दिले नाही तरी नाडी पाहण्याचे पैसे आपण देतो. कारागिराच्या ज्ञानाचे मोल मात्र आपण करत नाही.

यावर उपाय सोपा आहे. कारागिराने तपासणीची फी आधी सांगावी आणि पावतीवर दोष काय निघाला ते एका ओळीत लिहावे. दुकानदाराने ती फी, एकही भाग बदलला नाही तरी, आनंदाने द्यावी. महाडच्या बाजारपेठेत दहा दुकानदारांनी एवढी सवय लावून घेतली, तर खऱ्या कारागिराला हलाल रोजी मिळेल आणि दुकानदाराचा नाहक खर्च वाचेल, इन्शाअल्लाह.