अडखळलेल्या मुलांनीच शिक्षक व्हावं

महाराष्ट्रातल्या मुसलमान मुलांच्या शिक्षणाची चर्चा निघाली की ती दोनच ठिकाणी जाऊन थांबते. एक, मदरसा. दुसरं, दहावीच्या अलीकडची गळती. मदरशाचं म्हणाल तर सच्चर समितीने २००६ सालीच सांगून ठेवलंय की, शाळकरी वयातली जेमतेम तीन-चार टक्के मुसलमान मुलं तिथे शिकतात. बाकीची तुमच्या-आमच्या मुलांसारखी साध्या शाळेत जातात. गळती दिसते ती आठवी-नववीत, पण तिची सुरुवात पहिलीच्या वर्गात झालेली असते. त्या वर्गाविषयी मात्र कुणी बोलत नाही.

सोलापूर, लातूर, बीड, नांदेड या पट्ट्यातल्या मुसलमान घरात दखनी बोलतात. (कोकणातली गोष्ट वेगळी. तिथल्या मुसलमानांची बोली कोकणीच.) दखनीत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे सहा वर्षांचं पोर शाळेत येतं आणि 'माझा घर' म्हणतं, 'माझी पुस्तक' म्हणतं. घरी 'वो रोटी खाया' म्हणायची सवय, म्हणून वर्गात 'तो भाकर खाल्ला' म्हणतं. 'शाळा'तला ळ जिभेवर येत नाही, 'शाला' होते. वर्ग हसतो. बाईही हसतात, कधी रागावतात. आणि मग शेरा पडतो, 'यांना मराठी येतच नाही.'

या पोराला काय काय येतं, ते बघा. पहाटे ते मकतबात उजवीकडून डावीकडे कायदा वाचतं आणि दहा वाजता शाळेत डावीकडून उजवीकडे बाराखडी गिरवतं. टीव्हीची हिंदी त्याला कळते, गल्लीतली मराठी कळते. त्याच्या घरच्या बोलीत तर मराठी आधीपासून बसलेली आहे. दखनीतला 'नक्को' मराठीचाच आणि 'येच', 'वोच'मधला तो ठासून सांगणारा 'च'सुद्धा मराठीचाच. बाईंना हे ठाऊक असेल तर त्याच 'च'चा हात धरून पोराला पंधरवड्यात वर्गात रुळवता येईल. ठाऊक नसेल तर ते पोर दोन वर्षं मागच्या बाकावर गप्प बसतं आणि आपण 'ढ' आहोत हे मान्य करून टाकतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पहिलीत जी मुलं अशी अडखळली, त्यातल्या काहींनी तरी पहिलीचा वर्ग शिकवायला हवा. अडचण नेमकी कुठे येते, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवावं लागत नाही.

ओळखीच्या एका बागवान कुटुंबातली मुलगी यंदा बारावी झाली. तिसरीपर्यंत तिला धड वाचता येत नव्हतं. तिसरीच्या गुरुजींनी एक गोष्ट केली. दर नव्या शब्दाला ते विचारायचे, 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?' आणि तोही शब्द फळ्यावर लिहायचे. बाकीच्या मुलांना ते दखनी शब्द पाठ झाले, हिला मराठी आली. आता तिला डी.एल.एड. करून प्राथमिक शिक्षिका व्हायचंय. घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, पोरीच्या जातीला बरी नोकरी. चाचा म्हणतात, एवढी वर्षं घालवून मिळणार काय?

चाचांच्या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. दोन वर्षांची पदविका. मग टीईटी. १५० गुणांचा पेपर, खुल्या प्रवर्गाला पास व्हायला ९० हवेत. त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलची यादी. पहिली टेट २०१७च्या डिसेंबरात झाली, दुसरी थेट २०२३मध्ये. मधल्या पाच वर्षांत पदविका घेऊन बसलेल्या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली. कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी दुकानात हिशेब लिहू लागल्या. एवढं करून नेमणूक मिळाली, तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. प्राथमिकला ते सहा हजार होतं, २०२३पासून सोळा हजार झालं. यादी कधी लागेल याचा नेम नाही, आणि गरीब घराला सगळ्यात महाग पडतं ते हे ताटकळणं. ज्याच्या घरी दोन वेळची सोय आहे तो थांबू शकतो. गाडीवर फळं विकणाऱ्याची मुलगी किती थांबणार?

परीक्षेच्या ढाच्याबद्दलही बोलायला हवं. टीईटीत बालमानसशास्त्राला ३० गुण आहेत. मातृभाषेचं महत्त्व तिथे पाठ करून बरोबर पर्यायावर खूण करता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही २०२०मध्ये शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यायला सांगितलंय. पण सोलापूरच्या मराठी शाळेत बसलेल्या दखनी मुलाची घरची भाषा कोणती, ती कुठल्या पुस्तकात आहे? मराठी माध्यमाचा शिक्षक म्हणतो, हा उर्दूवाला. उर्दू शाळेत गेलं तर तिथले उस्ताद म्हणतात, याची जबान बिघडलेली आहे. उर्दू शाळांविषयी मला आदर आहे, पण दखनी पोराला तिथेही काही कमी टोमणे खावे लागत नाहीत.

आता थोडं आपल्या लोकांविषयी. ९ जानेवारीला फातिमा शेख यांचा जन्मदिवस म्हणून आपण सगळे स्टेटस ठेवतो. त्यांच्याविषयीचा भक्कम पुरावा म्हणजे सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ला जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातला उल्लेख. सावित्रीबाई आजारपणात माहेरी होत्या आणि मागे फातिमावर पडलेल्या कामाची त्यांना काळजी वाटत होती. त्या पत्रातून दिसते ती कामाखाली दबलेली शिक्षिका. फोटोला हार घालणाऱ्या आपल्यातले किती जण हुशार पोराला 'मास्तर हो' म्हणतात? नव्वद टक्केवाल्याला नीटच्या क्लासला धाडायचं आणि जो कुठेच लागला नाही त्याने डी.एड. करावं, अशी आपली रीत. आपल्या समाजाच्या काही संस्थांत तर जागेचा दर ठरलेला असतो आणि त्याला 'डोनेशन' म्हणतात. सेवेतल्या शिक्षकांनीही टीईटी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये सांगितलं. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे पाठवला. त्यावर आपल्याकडे बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो आवडला नाही. आपल्या मुलांना कमी पारखलेला शिक्षक का म्हणून चालावा?

मोहल्ल्यातल्या जमातीकडे, ट्रस्टकडे थोडाफार पैसा असतो. जलशांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग अशा पाच-सहा मुलींच्या पदविकेची फी, परीक्षेचे फॉर्म आणि मधल्या वर्षांतली अभ्यासिका यावर लावता येईल. संध्याकाळी मशिदीच्या बाजूची खोली मोकळीच असते. तिथे या मुलींनी पहिली-दुसरीच्या पोरांना वाचायला शिकवावं आणि त्याचा थोडा मोबदला घ्यावा. पदविकेचे प्रवेश सुरू झाले की त्या बागवान घरात पुन्हा वाद होईल. तेव्हा चाचांसमोर ठेवायला फीची पावती असली, तर बोलणं पुढे सरकेल.