वीस तासांचा हिशेब

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या खर्चाबद्दल आपल्याकडे घरोघरी बोललं जातं, त्यांच्या वेळेबद्दल मात्र कुणी विचारत नाही. फी किती, खोलीचं भाडं किती, पौंड आज कितीला, हे प्रश्न लातूरच्या आमच्या घरात महिनोन्‌महिने चालले होते. प्रवेशाचं काम बघणाऱ्या एजंटने बाबांना एका कागदावर सगळा हिशेब मांडून दिला. त्यात जमेच्या बाजूला एक ओळ होती: आठवड्याला २० तास काम. सप्टेंबर २०२५ मध्ये मी लंडनला आले. ती ओळ जमेला धरणं चुकीचं आहे, असं तेव्हापासून माझं मत झालं आहे आणि ते दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे.

व्हिसाच्या नियमात २० तास ही कमाल मर्यादा आहे. सत्र चालू असताना त्याहून जास्त काम करायचं नाही, एवढंच तो नियम सांगतो. आता अभ्यासाचं बघा. इथलं एम.एस्सी. १८० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे १० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे वर्षाचे १,८०० तास. एकही सुट्टी न घेता ते बावन्न आठवड्यांत वाटले तरी आठवड्याला जवळजवळ ३५ तास होतात. त्यात कामाचे २० मिळवा. मग प्रवास. मी ईस्ट हॅमला राहते, कारण खोली तिथे परवडते. कॉलेज ब्लूम्सबरीत आहे. ट्यूबने थेट युस्टन स्क्वेअरला उतरता येतं, पण ते तिकीट महाग. मी आले तेव्हा बसला १ पौंड ७५ पेन्स पडायचे. म्हणून इथल्या आमच्या घरातली मुलं मॅनॉर पार्कहून २५ नंबरची बस धरतात. स्ट्रॅटफर्ड, माइल एंड, व्हाइटचॅपल करत ती सावकाश शहराच्या मध्यात येते. वाचलेला प्रत्येक पौंड असा अभ्यासाच्या वेळेतून कापलेला असतो.

आणि एवढं करून भागतं का? मी आले तेव्हा इथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. एकही आठवडा न चुकता पूर्ण २० तास काम मिळालं, तर त्या दराने महिन्याला साधारण १,०५८ पौंड हाती येतात. लंडनमध्ये राहायला दरमहा किती लागतात हे ब्रिटिश सरकारनेच ठरवून दिलं आहे. व्हिसासाठी बँकेत तेवढी रक्कम दाखवावी लागते. नोव्हेंबर २०२५ पासून तो आकडा १,५२९ आहे. फी त्यात नाही. शिवाय शिफ्ट आपल्या सोयीने मिळत नाहीत. दुकान बंद होईपर्यंत मांडण्या भरायच्या, अकरा-साडेअकराला खोलीवर यायचं आणि सकाळी नऊच्या लेक्चरला बसायचं. माझ्या शेजारच्या खोलीतला नागपूरचा मुलगा वृद्धाश्रमात रात्रपाळी करतो आणि दुपारच्या सेमिनारमध्ये डोळे उघडे ठेवायला धडपडतो. हुशार आहे, कष्टाळू आहे. त्याला कुणी आळशी म्हणू नये.

मी इथे शहरांचं पाणी आणि सांडपाणी शिकायला आले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली, तेव्हा मी शाळेत होते. या विषयासाठी लंडनसारखी जागा नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटला बसवेना, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला शहराखालून गटारांचं जाळं बांधायची मोकळीक मिळाली. त्यातली उत्तरेकडची मोठी वाहिनी माझ्या घराजवळून बेक्टनला जाते. तिच्यावरून पायवाट केली आहे, ग्रीनवे नावाची. तिथून चालत अ‍ॅबी मिल्सच्या जुन्या पंपगृहापर्यंत जाता येतं. पावसाचं पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून नेण्याचा तेव्हाचा निर्णय आजही भोवतो आहे. जोराचा पाऊस झाला की सगळं नदीत जायचं. ते अडवायला २५ किलोमीटरचा टाइडवे बोगदा खणावा लागला, तो २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला. दीडशे वर्षांपूर्वीची आखणी एखाद्या शहराला कशी बांधून ठेवते, हे मला त्या पायवाटेवर चालताना कळलं. आपल्याकडे आज नव्या वाहिन्या टाकल्या जात आहेत, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण बेक्टनच्या शुद्धीकरण केंद्राची भेट शनिवारी ठरली, तेव्हा वर्गातले आम्ही बहुतेक भारतीय शिफ्टवर होतो. ग्रेशम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी फुकट व्याख्यानं ठेवतं, ती बहुधा संध्याकाळी. ब्रिटिश लायब्ररीत वाचकाचं कार्ड फुकट मिळतं. या शहरात शिकण्याच्या कितीतरी गोष्टींना पैसे पडत नाहीत, फक्त वेळ लागतो. आमच्याकडे नेमका तोच नसतो.

बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला त्यात वेळेचा हिशेबही दिसतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, मित्राकडून कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत मिळाली आणि १९२० मध्ये ते लंडनला परत आले. पोटाला चिमटा घेतला, पण दिवस ग्रंथालयाला दिला. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कॅम्डनमधलं ते राहत होते ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं, हे फार चांगलं झालं. त्याच आस्थेने शिष्यवृत्तीच्या रकमेकडेही बघायला हवं. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता बरीच वर्षं वर्षाला ९,९०० पौंड राहिला. म्हणजे महिन्याला ८२५. ज्या मुलाच्या पाठीशी घरचा पैसा नाही, त्याला उरलेली रक्कम शिफ्ट करूनच उभी करावी लागते. केंद्राची असो वा राज्याची, प्रत्येक शिष्यवृत्तीतला भत्ता ब्रिटिश सरकारच्या त्या आकड्याला बांधून टाकावा, शहराप्रमाणे वेगळा ठेवावा आणि तो आकडा वाढला की आपोआप वाढावा.

कर्ज काढून पाठवणाऱ्या आईवडिलांना माझं सांगणं आहे की मुलाची कमाई शून्य धरून हिशेब करा. तसा जमत नसेल तर लंडनबाहेरचं शहर बघा. तिथे व्हिसासाठीचा आकडा महिन्याला १,१७१ आहे. किंवा मुलाला आधी दोन वर्षं नोकरी करू द्या. उशीर होतो, पण आल्यावर त्याला शिकता येतं.

माझ्या चुलतभावाला पुढच्या सप्टेंबरला इथे यायचं आहे. त्याच्या हिशेबाच्या कागदावरही ती वीस तासांची ओळ जमेलाच आहे. मी काकांना फोनवर हे सगळं सांगितलं, त्यांना अजून पटलेलं नाही. या रविवारी पुन्हा बोलणार आहे.